क्षमा केली, पण मागून ये

बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथा म्हणजे जातकं. त्यांच्या पाली संग्रहात 547 कथा आहेत. त्यांतली 516 वी, महाकपि जातक, अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेली आहे. आपण ती बहुधा अर्धीच ऐकलेली असते.

काशीचा एक ब्राह्मण शेतकरी हरवलेले बैल शोधत हिमालयाच्या रानात वाट चुकतो. भुकेपोटी फळाच्या झाडावर चढतो आणि फांदी मोडून दरीत कोसळतो. दहा दिवसांनी तो एका वानराच्या नजरेस पडतो. हा वानर म्हणजे बोधिसत्त्व, पूर्वजन्मीचे बुद्ध. तो आधी दगड पाठीवर घेऊन उडीचा सराव करतो. (हा तपशील मला फार आवडतो. कळवळा आला तरी वजनाचा अंदाज घ्यायला तो विसरत नाही.) मग माणसाला वर काढतो. दमलेला असतो, जरा झोपतो, वाघसिंहांवर लक्ष ठेव म्हणतो. उपाशी माणसाला वाटतं, याचंच मांस खावं. तो झोपलेल्याच्या डोक्यात दगड घालतो.

कृतघ्नपणाचं तात्पर्य काढून बहुतेक जण इथेच उठतात. पण रक्तबंबाळ वानर झाडावर चढतो आणि त्याला रानात टाकून जात नाही. जवळही येत नाही. तुझ्यावर माझा विश्वास नाही, असं तोंडावर सांगतो. माझ्या मागून ये, पण नजरेत राहा. आणि त्याला वस्तीच्या वाटेला लावून देतो.

आपल्याकडे हे जमत नाही. भावाने फसवून सही घेतलेली असते, वडीलधारी समेट घडवतात. पुढे त्याने दुसरा कागद आणला आणि आपण ‘वाचून सही करतो’ म्हटलं, की लगेच ऐकावं लागतं, ‘अजून मनात ठेवलंयस होय?’ ठेवलेलं नसतं. फक्त वाचायचं असतं.

बुद्धांनी वानराची ही कथा सांगितली ती त्यांच्याच भिक्खुसंघातल्या देवदत्ताने त्यांच्यावर शिळा ढकलली तेव्हा. कथेतला माणूस म्हणजे पूर्वजन्मीचा देवदत्तच. त्याआधी त्याने संघाचं नेतृत्व मागितलं होतं. तेव्हाच संघाने ठरवलं होतं, की देवदत्ताच्या कृतीशी आणि बोलण्याशी बुद्ध, धम्म, संघ यांचा संबंध नाही, हे राजगृहात जाहीर करायचं. काम बुद्धांचा शिष्य सारिपुत्त याच्याकडे आलं. तो अडखळला, कारण त्याच नगरात त्याने पूर्वी देवदत्ताची स्तुती केली होती. ती खरी होती ना, असं बुद्धांनी विचारलं. होती. मग हेही तितकंच खरं आहे, सांग.

सारिपुत्त गेला आणि सांगून आला.