उसळीचा हिशेब

अखंड द्विदल धान्याला मराठीत कडधान्य म्हणतात आणि ते भरडून, टरफल काढले की त्याची डाळ होते. कडधान्य भिजवून, त्याला मोड आणून फोडणीवर शिजवलेला पदार्थ म्हणजे उसळ. ती स्वस्त पडते, म्हणून ओढगस्तीच्या दिवसांतील तोंडीलावणे एवढीच तिची ओळख अनेकांच्या मनात असते. परंतु तिचा स्वस्तपणा आपोआप आलेला नाही. पैशाने जे विकत घेता येत नाही ते वेळ, पाणी आणि पूर्वविचार यांच्या बळावर मिळवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून सिद्ध झाली, तिचे ते फळ आहे.

पाव किलो मटकी सकाळी भिजत घातली, आठ-दहा तासांनी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधली आणि पुरचुंडी उबेला ठेवली, तर दुसऱ्या दिवशी फडक्याच्या विणीतून पांढरे मोड डोकावू लागतात आणि मूठभर दिसणारे धान्य दुपटीहून अधिक भरते. या अवधीत बी आपल्यातील साठवलेले अन्न रोपासाठी सुटे करू लागते. लोह व जस्त यांना बांधून ठेवणारे फायटिक आम्ल घटते, पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले 'क' जीवनसत्त्व तयार होते. शिजवताना त्यातील बरेचसे नाहीसे होत असले, तरी पानातील लिंबाची फोड ती उणीव भरून काढते. आमसूल किंवा चिंच दाणे शिजल्यावरच घालावी, या जुन्या शिकवणुकीलाही असाच आधार आहे, कारण दाण्याच्या पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही आणि दाणा टणक राहतो.

पाव किलो मटकीत पन्नास ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. ज्वारी-बाजरीत लायसिन हा प्रथिनांचा आवश्यक घटक कमी असतो आणि कडधान्यात तो मुबलक असतो. उलट कडधान्यात उणा असणारा मेथिओनिन हा घटक तृणधान्ये पुरवतात. त्यामुळे भाकरी आणि उसळ ही जोडी चवीला जुळते, तशीच पोषणातही एकमेकींची उणीव भरून काढते.

कोणत्या घरी कोणती उसळ होते, हे मुळात जमिनीने ठरवले आहे. कमी पावसाच्या मुलखात तग धरणारी मटकी आणि हुलगा देशावरच्या चुलीवर आले. रायगडात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर येणाऱ्या वालाचे, एकेक दाणा सोलून, बिरडे झाले. गोव्यात आळसांद्याचे तोणाक नारळाच्या वाटणात रटरटू लागले. या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात, म्हणजे कुटुंबाला पोसणारे पीक शेतालाही काही परत देऊन जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळले, त्यामागे पोषण आणि जमीन या दोन्हींचा विचार होता.

तरीही या हिशेबातील एक रक्कम बहुधा मांडलीच जात नाही. परवाच्या जेवणासाठी आज डबा उघडणे, निवडताना खडा आणि न भिजणारा गणंग दाणा वेगळा काढणे, थंडीत मोड उशिरा येतात म्हणून अर्धा दिवस आधी धान्य भिजवणे, अवचित पाहुणा आला की रस्सा वाढवूनही चव पातळ न होऊ देणे, ही सारी कामे घरातील स्त्रीने केली आणि ती कामे म्हणून कोणी मोजली नाहीत. बाजारात मोड आलेले कडधान्य कोरड्यापेक्षा वेगळ्या भावाने विकले जाते, तेव्हाच या श्रमाला किंमत असल्याचे कबूल होते. काटकसरीचे कौतुक करणाऱ्या समाजाने ती कोणाच्या कष्टांवर उभी आहे हे पाहिले नाही, तर ते कौतुक अपुरे राहते.

उसळीचे शहाणपण टिकवायचे असेल, तर तिची आठवण ठेवण्याचा भार घरात वाटला गेला पाहिजे. कडधान्य निवडून, धुऊन भिजत घालायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि ते काम घरातील कोणालाही करता येते.