शिकवायला जाणाऱ्याचं ऋण

मोबदला घेऊन केलेल्या विद्यादानाला दान म्हणावं का, हा प्रश्न यंदा एका अर्जाच्या निमित्तानं माझ्यापुढे आला. कोळवण खोऱ्यातली माझी एक जुनी विद्यार्थिनी बी.एड. झाली आहे. परदेशातल्या शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवण्यासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला तिला अर्ज करायचाय. विमानभाडं, राहणं, महिन्याचं विद्यावेतन, सगळं मिळणार. ‘तुम्हाला का जायचं आहे?’ या रकान्यापाशी ती अडली. “मॅडम, सेवा करायला जाते असं लिहू का? पैसे तर मीच घेणार, जगही मीच बघणार.” तिची अडचण खरी आहे, आणि ती धर्माची अडचण आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, केवळ कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी आणि योग्य वेळी दिलेलं दान सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेलं राजस. हे माप लावलं तर शिष्यवृत्तीवर शिकवणारे बहुतेक सगळे राजस ठरतील. पण मला वाटतं, गीतेचा नकार अपेक्षेला आहे, घेण्याला नाही. अन्नदानात देणारा कोण आणि घेणारा कोण हे सहज सांगता येतं. विद्येत तसं होत नाही. उपनिषदातला जो शांतिमंत्र आपण शाळेत म्हणतो, त्यात रक्षण आणि पोषण गुरू-शिष्य दोघांचंही मागितलं आहे, आणि दोघांत द्वेष नसावा असंही. एकट्या शिष्यासाठी ती प्रार्थना नाही.

हे दुहेरी शिकणं मी आमच्याच मुळशी तालुक्यात पाहिलं आहे. इथं परदेशी माणसाचं अप्रूप राहिलेलं नाही. पौडजवळ खुबवलीच्या टेकडीवर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. देशोदेशीची मुलं तिथं शिकतात. आमच्या शाळेतही एका वर्षी शिष्यवृत्तीवर आलेली एक परदेशी तरुणी इंग्रजी शिकवायची. तयारी चोख असायची. चित्रं, कार्डं, गाणी. मुलं मात्र गप्प. जुलैत भाताची आवणी सुरू झाली, वर्ग निम्मा रिकामा झाला, तेव्हा ती मुलांच्या मागोमाग भातखाचरात उतरली. सातवीतल्या एका मुलीनं तिच्या हातातून रोपांची जुडी घेतली, तीन-चार काड्या वेगळ्या केल्या आणि अंगठ्यानं त्या चिखलात कशा रोवायच्या ते दाखवलं. हिनं रोवलेल्या काड्या लगेच आडव्या झाल्या. “नो, नो. स्लो,” मुलगी म्हणाली. वर्गात तिनं तोवर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवसानंतर ती वर्गातही बोलू लागली. शिकवणाऱ्या बाईंनाही काही येत नसतं आणि त्या ते शिकायला तयार असतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

शिकवायला परदेशातून माणसं येण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेनं १८२७ साली सिंथिया फरार यांना मुंबईला पाठवलं. पुढं अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. पाठवणाऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो उघड होता. पण जोतीराव फुल्यांनी नगरची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. अक्षर एकदा दिलं की ते पाठवणाऱ्याच्या हेतूशी बांधलेलं राहत नाही.

उलट्या दिशेनं गेल्या पंडिता रमाबाई. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. वाँटेजच्या मठात त्यांचा करार साधा होता: पुण्याला येणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायचं आणि त्याबदल्यात स्वतः इंग्रजी शिकायचं. कोणी कोणावर उपकार केले नाहीत. पुढं चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती निमूटपणे मानली नाही. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण सदसद्विवेक चर्चच्या हवाली केला नव्हता. आसरा आणि शिक्षण देणाऱ्यांशीच त्या धर्मतत्त्वांवरून पत्रांतून वाद घालत राहिल्या.

घेऊनही मिंधं न होण्याचं दुसरं उदाहरण शोधायला आमच्या तालुक्याला लांब जावं लागत नाही. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाचे सेनापती बापट मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेले होते. तिथं ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलले आणि शिष्यवृत्ती गमावून बसले. पैसा घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं नव्हतं. त्यासाठी जीभ गहाण टाकणं त्यांना मान्य नव्हतं.

म्हणून माझ्या विद्यार्थिनीला मी सांगितलं, ‘सेवा’ लिहू नकोस. आपल्या परंपरेत माणूस ऋण घेऊनच जन्माला येतो, आणि ऋषिऋण अध्ययनानं फिटतं. तू दाता म्हणून जात नाहीस, ऋणको म्हणून जातेस. ज्या बाईंनी तुला एबीसीडी गिरवायला लावली त्यांची, ज्यांच्या पैशावर जाशील त्यांची, आणि ज्या मुलांपुढे उभी राहशील त्यांचीही तू देणेकरी असशील. विद्यावेतन घे, कष्ट पूर्ण दे. पाठवणाऱ्यांचं चुकत असेल तर तसं तोंडावर सांग. आणि तिथल्या पोरांची भाषा पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून शिकायला लाग, त्यांच्यादेखत चुका करत.

वर्षानं परत आल्यावर तिनं मुलांना किती इंग्रजी शिकवलं हे मी विचारीनच. पण त्याआधी त्या मुलांनी तिला काय शिकवलं हे विचारीन. त्याचं उत्तर तिला नावानिशी, प्रसंगानिशी देता आलं, तर ऋण फिटायला लागलं असं मी समजेन.