पिक्सेलचा रंग

माझ्या नोकरीचा बराचसा भाग म्हणजे जमिनीला रंग देणं. उपग्रहाचं चित्र येतं. त्यातला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन. आमचं मॉडेल प्रत्येक चौकोनाला लेबल लावतं. जंगल गडद हिरवं, शेती पिवळी, पाणी निळं.

एका संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मी गंमत म्हणून आमचं गाव उघडलं. चंद्रपूर जिल्ह्यातलं, ब्रह्मपुरीकडचं. मोठ्या बाबांच्या धानाच्या बांध्या पिवळ्या होत्या, पण कडेचे सात-आठ चौकोन गडद हिरवे. मॉडेल चुकलं होतं. ती धुऱ्यावरची मोहाची झाडं होती. आजोबांनी जंगल तोडून शेत काढलं, तेव्हा तेवढी ठेवली होती.

या शेताला आमच्याकडे जबरानजोत म्हणतात. सरकारी भाषेत अतिक्रमण. आजोबांनी कुऱ्हाडीने झुडपं काढली, बांध घातले, आणि त्या धानावर माझे बाबा शिकले. बाबांना नोकरी लागली म्हणून मी इंजिनिअर झालो. म्हणजे माझ्या डिग्रीच्या मुळाशी तोडलेलं जंगल आहे. लॅपटॉपवर 'जंगल वाचवा'चं स्टिकर लावताना मला हे आठवलं नव्हतं.

त्या जमिनीचा पट्टा आम्हाला वनहक्क कायद्याने मिळाला, कित्येक वर्षांच्या चकरांनंतर. २००६चा हा कायदा १३ डिसेंबर २००५ ही तारीख मानतो. त्या दिवशी जी जमीन तुम्ही प्रत्यक्ष कसत होतात, तिच्यावरच हक्क मागता येतो, तोही जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत. त्यानंतर जंगल तोडलं तर तो गुन्हा.

गेल्या दिवाळीत मोठे बाबा म्हणाले, "नाल्याकडची झुडपं काढली त अर्धा एकर बांधी निघते. दोन दिवस जेसीबी लागन. तीस हजार पाठवशील का?"

मी तारखेच्या मागे लपू शकलो असतो. कायद्यात बसत नाही म्हटलं की विषय संपला. पण तारखेने गुन्हा ठरतो, बरोबर-चूक ठरतेच असं नाही. आजोबांची भूक आणि मोठ्या बाबांची गरज यांच्यात फरक फक्त कॅलेंडरचा असेल, तर एकाला हक्क आणि दुसऱ्याला खटला, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार?

मग मी इंजिनिअरसारखा आकड्यांकडे गेलो. भारतातलं निव्वळ पेरणीक्षेत्र १९७०च्या आसपासपासून साधारण १४ कोटी हेक्टरवरच घुटमळतंय. १९७१ साली आपण ५५ कोटी होतो, आज १४० कोटींच्या वर आहोत. वाढलेलं धान्य मुख्यतः त्याच जमिनीतून आलं. सुधारित बियाणं, खत, पाणी, एका वर्षात दुसरं पीक. नॉर्मन बोरलॉग हेच सांगत असत की एकरी उत्पादन वाढवा, म्हणजे जंगल तोडावं लागणार नाही.

उत्तर मिळालं असं वाटलं. मग लक्षात आलं की हे उत्तर ज्याच्याकडे पाणी आहे त्याचं आहे. पंजाबात ते चाललं आणि त्याची किंमत तिथलं भूजल आजही मोजतंय. मोठ्या बाबांची बोडी गाळाने भरलेली. धान निघालं की तिच्यात पाणी उरत नाही. पावसाच्या भरवशावर असलेल्या माणसाला धान्य वाढवायचा एकच सोपा रस्ता दिसतो, तो म्हणजे बांध पुढे सरकवणं. 'उत्पादकता वाढवा' हा सल्ला त्याला देणं म्हणजे 'श्रीमंत व्हा' असं सांगण्यासारखं आहे.

आणि जंगल म्हणजे तरी काय? देशाच्या वन सर्वेक्षणात १ हेक्टर किंवा जास्त जमिनीवर १० टक्क्यांहून अधिक झाडोरा असेल तर ते वनाच्छादन धरतात, मग मालकी कोणाचीही असो. त्यात आमराईसुद्धा येते. उपग्रहाला वरून झाडोरा दिसतो. मोठ्या आईला त्याच जंगलात उन्हाळ्याची मोहफुलं दिसतात, तेंदूपत्त्याचे पैसे दिसतात, आणि पहाटे टोपली घेऊन निघताना वाघाची भीतीही. अन्न एका पारड्यात आणि जंगल दुसऱ्या पारड्यात, हा तराजू शहरात बनलेला आहे. आमच्या गावात जंगलही पोट भरतं आणि कधी जीवही घेतं.

शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथलं जंगल सांभाळायचं कसं, बांबू तोडायचा किती, हे ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने ठरवते. मला त्यात पटलेली गोष्ट साधी आहे. तोडायचं ठरवलं तर फायदा त्यांचा, आणि उद्या जंगल संपलं तर नुकसानही त्यांचंच. दोन्ही बाजू सोसणारी माणसं एकाच बैठकीत बसलेली असतात.

ही कसोटी मी स्वतःला लावली. मी मोठ्या बाबांना 'नाही' म्हटलं तर माझं काय जातं? काहीच नाही. पुण्यात माझा भात दुकानातून येतो. तो कुठल्या जमिनीवर पिकला, तिथे आधी काय होतं, हे मी कधी विचारलेलं नाही. ज्या नकाराची किंमत फक्त दुसरा मोजतो, त्याला नीती म्हणायला मी कचरतो.

तरी मी नाही म्हटलं. नाल्याकाठची झुडपं गेली की माती वाहून आधी बोडीतच येणार, हे मला पटलं होतं. शिवाय अर्ध्या एकरानंतर आणखी अर्धा एकर येतो, हेही. पण तीस हजार पाठवले. म्हटलं, जेसीबी बोडीत उतरवा. गाळ काढा, तो बांधीत टाका. कापणीच्या आधी लाखोळी फेका, जमलं तर थोडा हरभराही घ्या.

मोठे बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैसे तुहे हायेत, तू म्हणशील तसं."

ते वाक्य अजून टोचतं. मी त्यांना पटवलं नव्हतं. विकत घेतलं होतं. मोठमोठ्या संस्था आणि देश गरीब प्रदेशांना जंगल राखायला पैसे देतात, तेव्हा तिकडेही बहुधा असंच कुणीतरी गप्प राहून मान हलवत असेल. पैसे देणं आवश्यक आहे, हे मी अजूनही मानतो. पण पैसे दिले म्हणून शेवटचा शब्द माझा होतो का? त्या बैठकीत मला जागा असेल, तर ती एका कोपऱ्यात असावी. मी आधी विचारायला हवं होतं, "तुम्हाला काय वाटते?" ते विचारायच्या आधीच मी रक्कम आणि उपाय दोन्ही पाठवून मोकळा झालो.

यंदा बोडी भरली. मोठ्या बाबांनी फोटो पाठवला. सोबत एक ओळ नाही. फोटोत पाण्यापलीकडे नाल्याची झुडपं दिसतात. ती राहतील की जातील, हे मला माहीत नाही. यावेळी गावी गेलो की धुऱ्यावर बसून आधी ऐकायचं ठरवलंय.

मॉडेलमधले ते सात-आठ चौकोन मी दुरुस्त करायला घेतले होते. कुठलं लेबल लावावं ते ठरेना. शेवटी तसेच सोडले.