झाकणारा रंग, राखणारा रंग

गाडीच्या बाहेरच्या रंगावर सगळेच बोलतात. बॉनेटखालच्या पत्र्यांकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. बॅटरीचा ट्रे, एअर क्लिनरचा डबा, रेडिएटरच्या बाजूचे पत्रे, इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर. जुनी गाडी पुन्हा उभी करायची तर हे भाग सुटे करून, गंज घासून, नव्याने रंगवावे लागतात. हे काम कारागिरीचं आहेच, पण त्यात नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे. महाडमध्ये राहणाऱ्याला तो टाळता येत नाही.

22 जुलै 2021च्या पुरात सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं. तळमजले बुडाले, दुकानं बुडाली, गाड्याही बुडाल्या. आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी त्यातलीच एक. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100च्या घडणीवर बनलेली, 1089 सीसीची, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे सगळ्यांच्या ओळखीची गाडी. पाणी ओसरलं तरी गाळ राहतो. तो इतका बारीक असतो की दोन पत्र्यांच्या जोडात, ट्रेच्या खालच्या घडीत जाऊन बसतो आणि तिथे ओल धरून ठेवतो. मग गंज आतून बाहेर येऊ लागतो. वरचा रंग शाबूत दिसत असतो, तेव्हा खालचा पत्रा पापडासारखा झालेला असतो.

गॅरेजवाल्याने मला सरळ विचारलं, "दादा, टिकाऊ करू की दिखाऊ?" त्याच्या आवाजात उपहास नव्हता. दोन्हीला गिऱ्हाईक आहे, एवढंच तो सांगत होता.

दिखाऊ काम दोन दिवसांचं. वर वायर ब्रश फिरवायचा, भोकं पुट्टीने बुजवायची, त्यावर चकचकीत काळा रंग मारायचा. टिकाऊ कामाला वेळ लागतो. आधी तेल-ग्रीस धुऊन काढायचं, मग गंज धातूपर्यंत घासायचा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावायचं. सडलेला तुकडा कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करायचा. मग प्रायमर, आणि मग पातळ थरांत रंग. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि रंग पांढरट होतो. म्हणजे कोरड्या दिवसाची वाट पाहणं आलं.

दोन्ही कामं झाली की फोटोत फरक दिसत नाही. मग दिखाऊ काम म्हणजे खोटेपणा आहे का? रंग तर काही बोलत नाही. पण ताजा रंग दिलेला, गुळगुळीत पत्रा पाहणारा माणूस मनाशी एक गोष्ट धरून चालतो: इथे पत्रा आहे. तिथे पुट्टी असेल, तर त्याचा गैरसमज आपोआप झालेला नसतो, आपण तो करून दिलेला असतो.

याची किंमत किती असू शकते, हे फोक्सवॅगन बीटलच्या हीटरवरून कळतं. बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं. आपल्या रिक्षाच्या जुन्या इंजिनाभोवती असायचं तसं पत्र्याचं आवरण पंख्याची हवा सिलिंडरवरून फिरवतं. ते आवरण शोभेचं नाही, कूलिंगचाच भाग आहे; त्यात फट राहिली तर इंजिन तापतं. या गाडीत रेडिएटर नाही, त्यामुळे हीटरला गरम पाणी मिळत नाही. एक्झॉस्टच्या नळीभोवती पत्र्याचा कोट असतो. पंख्याची हवा त्या कोटातून जाताना गरम होते आणि केबिनमध्ये येते. आतली नळी सडली, तर तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड त्याच वाटेने आत येऊ शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. अशा हीटरचा बाहेरचा पत्रा रंगवून त्याला 'नवा' म्हणणारा माणूस कोणाचा तरी जीव धोक्यात घालतो.

यावर एक आक्षेप येतो. गाडी माझी, पैसे माझे, मला ती सुंदर हवी. यात कोणाची फसवणूक झाली? आज कदाचित कोणाचीच नाही. पण पत्रा मालकापेक्षा जास्त टिकतो. उद्या ती गाडी विकली जाईल, किंवा मुलगी आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला नेईल, किंवा पोलादपूरचा एखादा मेकॅनिक जॅक लावून तिच्याखाली झोपेल. माझ्या रंगावर विसंबणारी ही माणसं मी रंग निवडताना समोर नसतात. म्हणून तर त्यांचा विचार करणं माझ्यावर येतं.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. मग काहीच रंगवू नका, गंज आहे तसा दिसू द्या, तोच प्रामाणिकपणा. कोरड्या प्रदेशात हे चालेलही. वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे उघडा पत्रा ठेवणं म्हणजे त्याला मरू देणं. जपणूक नसलेल्या प्रामाणिकपणाचा गाडीला काही उपयोग नाही.

मग 'मूळ' काय उरतं? पूर येण्याच्या आठवडाभर आधी, 15 जुलै 2021ला, केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले: 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरबदल न झालेली गाडी. कायद्याला अशी रेघ ओढावीच लागते. पण 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेनाने राजाला विचारलेला प्रश्न या रेघेने सुटत नाही. आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे? माझ्या बॅटरी ट्रेचा तळ आता नवा आहे. गाडी तीच आहे, असं मी म्हणतो आणि लोक मानतात. हे म्हणणं खरं राहतं ते तळ नवा आहे हे मी लपवत नाही म्हणून.

वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964च्या व्हेनिस सनदेत यावर एक शहाणी वाट आहे: नवा जोड एकूणात मिसळून जावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. पद्मिनीच्या बाबतीत मी तेवढंच केलं. वेल्डची रेघ खालच्या बाजूने घासून सपाट केली नाही. ठोकलेले नंबर जाड रंगाखाली बुजू दिले नाहीत. कापलेल्या तुकड्यांचे फोटो आणि पुराची तारीख एका वहीत लिहून ती कागदपत्रांसोबत ठेवली. त्या वहीमुळे गाडीची किंमत कमी होईल, हे मला कोणी सांगायला नको.

ती कमी झालेली किंमत कोणी सोसायची, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. आपण तो सहज रंगाऱ्यावर ढकलतो: कारागीर लबाड झाले, काम राहिलं नाही. पण 'दिखाऊ'ला नाही म्हटलं तर त्याचं गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जातं आणि त्याचं दुकान तर त्याच पुरातून वर आलेलं असतं. त्याने उघडपणे विचारलं, इथवर त्याचा प्रामाणिकपणा पुरा झाला. उत्तर देणं आणि त्याचे पैसे मोजणं हे मालकाचं काम आहे.