भाऊंचा सदरा

कोकणात सड्यावरच्या एका गावात भाऊ सरपंच होते. कडक खळीचा पांढरा सदरा ही त्यांची ओळख. एप्रिलात विहीर आटली की गाव बोअरच्या पाण्यावर यायचं आणि त्याच सुमारास भाऊंचे सदरे पिवळे पडायचे. यंदा १ मेचं झेंडावंदन तोंडावर आलं, तेव्हा भाऊंचा संयम सुटला.

साबण बदलून झाला. नीळ वाढवली, तर पिवळ्यावर निळा चढून सदरा हिरवट दिसू लागला. शेवटी ब्लीच आणलं, चांगली दोन झाकणं जास्त ओतली, आणि काढून बघतात तो सदराभर तांबूस डाग! खापर अर्थातच परटिणीवर फुटलं. त्या कामी धुणाऱ्याएवढं सोयीचं डोकं दुसरं नसतं.

म्हातारी परटीण खमकी होती. तिने भाऊंच्याच नळाखाली पांढरी बादली भरली. "उद्यापर्यंत हिला कुणी हात लावू नका."

भाऊंनी वाकून पाहिलं. पाणी अगदी नितळ.

सकाळी तळाला विटकरी गाळ बसला होता. बोट फिरवलं तर बोटाला लागत होता.

"पाण्यात लोखंड आहे, भाऊ. जमिनीखाली विरघळलेलं असतं, दिसत नाही. हवा लागली की गंज होऊन खाली बसतं. जे रात्रभरात होतं, ते तुमच्या ब्लीचने चुटकीसरशी केलं, तेही कापडावरच."

"मग आधी का नाही बोललीस?"

"मी कशाला? शाळेच्या बाईंनी अर्ज दिला होता, खिचडीचा भात पिवळट होतो म्हणून. हॉटेलवाला ग्रामसभेत ओरडला, चहा काळा पडतो म्हणून. तुम्हीच म्हणालात, पाणी नितळ आहे, राजकारण नको."

"ते बघू. आधी सदरा."

ब्लीचचा वास पुरता जाईपर्यंत तिने तो खळबळून काढला. ब्लीचमध्ये आंबट पडलं की विषारी वायू सुटतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग झऱ्यावरचं पाणी गरम करून त्यात लिंबूसत्त्व घातलं, सदरा भिजवला, पुन्हा झऱ्याच्याच पाण्यात काढून उन्हात टाकला. डाग गेले.

१ मेला भाऊ झेंड्याखाली उभे राहिले. समोर पोरांच्या रांगा, झाडून सगळ्यांचे शर्ट पिवळट. भाऊंची नजर पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि भाषण आटोपतं झालं.

दुपारच्या ग्रामसभेत त्यांनी शाळेचा अर्ज स्वतःच काढला. पाणी पायऱ्यांवरून खेळवून त्याला हवा द्यायची आणि मग वाळूतून गाळायचं, एवढंच तर काम. ग्रामसेवक म्हणाले, "निधी पुढच्या वर्षी बघू."

मागून परटीण उठली. "चालेल की. तोवर भाऊंचे सदरेही नळाच्याच पाण्यात धुते."

सभा हसली. भाऊही हसले, जरा उशिरा. ठराव त्याच बैठकीत झाला.