मुक्ततेला प्रतवारी नको

फौजदारी न्यायालय एकच प्रश्न सोडवते: सरकार पक्षाने गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध केला का? उत्तर ‘नाही’ आले की आरोपी सुटतो. त्याने गुन्हा केलाच नव्हता, असे न्यायालयाने म्हटलेले असतेच असे नाही. हा फरक रिक्षाचा बॅज काढणाऱ्या किंवा पासपोर्टसाठी अर्ज केलेल्या माणसाला चारित्र्य पडताळणीच्या वेळी आडवा येतो. खटला संपलेला असतो, नोंद उरलेली असते. शेजारी म्हणतात, ‘सुटला खरा, पण काहीतरी केलंच असेल.’

ही शंका निव्वळ दुष्टपणा नव्हे. साक्षीदार फितूर होतात, पंच साक्ष फिरवतात आणि साऱ्या वस्तीला ठाऊक असलेला गुंड हार घालून घेत कोर्टाबाहेर पडतो. तेव्हा सुटलेला प्रत्येक जण निरपराध नसतो, हे कबूलच. मुद्दा आहे तो या फरकाची किंमत कोणी मोजायची हा.

2003 मधील एका हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. पुढे तो निकाल मागे घेऊन फेरसुनावणी झाली आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई दिली आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेशही. इथे न्यायालय ‘सिद्ध झाले नाही’ एवढ्यावर थांबले नाही.

उलट 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकलमधील बॉम्बस्फोटांचा खटला पाहा. 180 हून अधिक माणसे गेली. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडले. सरकार पक्ष सपशेल अपयशी ठरला, असे न्यायालय म्हणाले; शिवाय गुन्ह्याचा छडा लागल्याचा आभास निर्माण केला तर खरा धोका मोकळाच राहतो, असेही बजावले. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडायचे नाही, मात्र हा निकाल इतर खटल्यांत दाखला धरायचा नाही, असा अंतरिम आदेश झाला.

या दोन निकालांत फरक आहे, पण तो नोंदवायचा कसा? आपल्याकडे नोकरीच्या वादांतून ‘ससन्मान मुक्तता’ आणि ‘संशयाचा फायदा’ अशी प्रतवारी रूढ झाली. ‘ससन्मान मुक्तता’ ही कल्पना तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच 2012 मध्ये म्हटले होते. गंभीर गुन्ह्यातून केवळ संशयाच्या फायद्यावर सुटलेल्याचा पूर्वेतिहास नोकरी देणाऱ्याने विचारात घ्यावा, अशी मुभाही त्याच न्यायालयाने 2016 मध्ये दिली. पोलीस भरतीपुरते ते समजण्यासारखे आहे. रिक्षाच्या बॅजसाठी नाही. स्कॉटलंडमध्ये ‘सिद्ध झाले नाही’ असा तिसरा निकालच शतकानुशतके होता. सुटलेल्यावर डाग आणि पीडितांना अर्धवट उत्तर, अशी त्यावर टीका होत राहिली. अखेर 2025 मध्ये तिथल्या संसदेने तो रद्द केला.

म्हणून माझे म्हणणे असे: भेद करायचाच तर तो वरच्या दिशेने करावा. निर्दोष सुटका हा सुटलेल्या प्रत्येकाचा किमान हक्क. त्याखाली पायरी नसावी. जिथे निकालपत्रातूनच खटला खोटा होता असे दिसते, तिथे न्यायालयाने तसे स्पष्ट लिहावे, नोंद पुसावी आणि भरपाई द्यावी. विधी आयोगाने 2018 च्या 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईची कायदेशीर तरतूद सुचवली होती. तसा कायदा झालेला नाही. त्यामुळे भरपाई हा हक्क न राहता न्यायपीठाच्या मर्जीवर राहतो.

आणि खरा गुन्हेगार सुटल्याचा संताप? तो रास्त आहे, पण त्याचा जाब तपास यंत्रणेला विचारायला हवा. फुटलेल्या साक्षीदाराला संरक्षण का नव्हते, ओळखलेल्या चौघांचा माग का काढला नाही, हे प्रश्न पीडितांच्याही हिताचे आहेत. सुटलेल्या माणसाला जन्मभर संशयित ठेवले, तर हे प्रश्न विचारायची गरजच कोणाला भासत नाही.