आधी ऐकलेली कविता

एखादी कविता हाती येण्यापूर्वीच कानी पडली असेल, तर पुढे ती पुस्तकात भेटल्यावर तिच्याशी न्यायाने वागणे वाचकाला शक्य असते काय? ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेपाशी हा प्रश्न टाळता येत नाही. मेहकरला वकिली करणाऱ्या या कवीची ही रचना १९३० च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांनी ध्वनिमुद्रिकेसाठी गायली आणि ती सर्वतोमुखी झाली. ‘शीळ’ हा संग्रह मात्र निघाला १९५४ साली. मधली वीसएक वर्षे बहुसंख्य रसिकांपुरती कवितेची संहिता म्हणजे ती तबकडीच होती.

तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. मैफलीतला गायक आजचे उद्या वेगळे गाऊ शकतो. तबकडीवरचा शब्द एकदा जसा उच्चारला गेला, तसाच सुई टेकताच पुन्हा उमटतो. या कवितेत बोलते ती प्रियकराच्या शिळेने अस्वस्थ झालेली स्त्री, आणि गाणारा आवाज पुरुषाचा. गौळणी पुरुषांच्या तोंडून ऐकत आलेल्या समाजाला त्यात काही वावगे वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. पण तिच्या तक्रारीत लाडिकपणा किती आणि संकोच किती, हे ठरविण्याचा वाचकाचा अधिकार चालीने त्याच्याआधीच बजावून टाकला.

याचा दोष गायकाकडे जात नाही. चालीवाचून ही कविता इतकी दूर गेलीच नसती. मात्र चालीविषयीची कृतज्ञता आणि कवितेला द्यावयाचा न्याय ही दोन वेगळी देणी आहेत, आणि दुसरे देणे समीक्षेने चुकविले असे म्हणवत नाही. संग्रह आला तेव्हा मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ला (१९४७) सात वर्षे होऊन गेली होती, ‘गेय’ हे विशेषण गुणवाचक उरले नव्हते. न वाचताच लावता येणारे असे विशेषण फार सोयीचे असते! पुढे ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी कवीचे नाव निघताच आठवते ती चालच.

‘शीळ’ एकदा चालीवाचून, सावकाश, मोठ्याने वाचावी. आरंभी जोशींचा आवाज मध्ये येत राहतो. मग शब्दांची स्वतःची, लोकगीताला जवळची लय वर येते, आणि ती स्त्री थोडी अडखळत बोलू लागते.